एफ १.४ वर आजीचा चष्मा शार्प, डोळे मात्र गेले: फिल्मवर फास्ट लेन्स वापरताना डेप्थ ऑफ फील्ड कशी सांभाळायची

मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या महालातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर आजीचे फोटो काढले. ५० मिमी लेन्स, अपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं भोक, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) एफ १.४, सकाळचं तिरपं ऊन, आजी सूप घेऊन तांदूळ निवडून राहिली होती, सगळं कसं जुळून आलं होतं. रोल धुऊन आला, स्कॅन उघडले तं चष्म्याची फ्रेम इतकी शार्प की तिच्यावरचे ओरखडे मोजून घ्या, आणि मागचे डोळे दुधावर साय धरल्यासारखे. एक नाही, ओळीने सहा फ्रेम. सातव्यात डोळे बरोबर आले होते पण त्यात आजी मांजरीला हाकलून राहिली आहे.

चूक माझीच होती. चष्म्याची काच आणि डोळा यांच्यात सव्वा ते दीड सेंटीमीटर अंतर असतं, मी साधारण ६० सेंटीमीटरवरून काढत होतो, आणि तिथे एफ १.४ ला डेप्थ, म्हणजे जेवढ्या खोलीतलं सगळं शार्प दिसतं ती पट्टी, मिळते जेमतेम १.१ सेंटीमीटर, ती पण अर्धी फोकसच्या पुढे अन् अर्धी मागे. मी स्प्लिट, म्हणजे फोकस चुकला की चित्र दोन तुकड्यांत तुटलेलं दाखवणारं व्ह्यूफाइंडरमधलं वर्तुळ, कशावर जुळवला? चष्म्याच्या फ्रेमवर, कारण अख्ख्या चेहऱ्यावर तीच एक स्पष्ट रेघ होती. मग डोळे कुठून येणार बावा.

मिररलेसवाले मागच्या पडद्यावर दहा पट मोठं करून पापणी पाहून घेतात, चुकलं तं तिथल्या तिथे पुन्हा काढतात. आपल्याला तीन आठवड्यांनी कळतं. ज्यांच्या घरी काकाच्या किंवा मामाच्या कपाटातून एखादा जुना एसएलआर (आरशावरून लेन्समधूनच पाहायचा कॅमेरा) निघाला आहे आणि त्यावर एफ १.८, १.४ किंवा नशीब असेल तं १.२ ची फास्ट, म्हणजे मोठ्या भोकाची, लेन्स आहे, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून राहिलो.

आधी एकच आकडा पाठ करा

५० मिमी, एफ १.४, एक मीटर अंतर: एकूण डेप्थ ३.२ सेंटीमीटर. दोन बोटं. बाकी सगळं यावरून काढता येतं. अंतर दुप्पट केलं की डेप्थ चौपट होते, म्हणून २ मीटरला साधारण १३ सेंटीमीटर, ३ मीटरला ३० च्या आसपास, ५ मीटरला ८३. आणि एफचा आकडा दुप्पट केला की डेप्थ दुप्पट, म्हणजे एक मीटरवर एफ २.८ ला ६.४ आणि ५.६ ला १२.८ सेंटीमीटर.

आपण नागपूरचे, म्हणून मी हे संत्र्यात लक्षात ठेवतो. मध्यम संत्रं सातेक सेंटीमीटरचं असतं. एक मीटरवर एफ १.४ म्हणजे अर्धं संत्रं, २.८ म्हणजे जवळपास एक, ५.६ म्हणजे एकामागे एक ठेवलेली दोन. चेहऱ्यावर लावून पाहा: नाकाच्या टोकापासून डोळ्यापर्यंत किती, डोळ्यापासून कानापर्यंत किती. कान शार्प हवे असतील तं अर्ध्या संत्र्यात काम होत नाही.

हा हिशोब ०.०३ मिमीच्या वर्तुळावर बेतलेला आहे, म्हणजे फिल्मवर एखादा बिंदू तेवढा पसरला तरी नेहमीच्या आकाराच्या प्रिंटमध्ये तो डोळ्याला बिंदूच वाटतो, हे गृहीत धरलं आहे. तुम्ही स्कॅन उघडून शंभर टक्के झूम करून पाहणारे असाल (मी आहे) तं सगळे आकडे सरळ अर्धे करा. लेन्सवरच्या रंगीत रेघांची स्केल पण अशाच हिशोबावर काढलेली असते, त्यामुळे तिच्यावर डोळे मिटून विश्वास नको, मी तिच्यावर एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्तीचे धरतो, म्हणजे एफ ८ लावला असेल तं एफ ४ च्या रेघा वाचतो.

अजून एक गैरसमज काढून टाकू. ८५ मिमीने डेप्थ कमी होते असं सगळे म्हणतात. एकाच जागी उभं राहून लेन्स बदलली तं हो. पण चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवायचा असेल तं ८५ घेऊन तुम्हाला १.७ मीटरवर मागे जावं लागतं, आणि तिथे एफ १.४ ला डेप्थ येते तीच, ३.२ सेंटीमीटर. मागचं दृश्य मोठं आणि जास्त विरघळलेलं दिसतं ही गोष्ट वेगळी. म्हणून ‘फोकस चुकून राहिला, लेन्स बदलू का’ याचं उत्तर नाही असं आहे.

मग कॅमेरा खरं बोलतो का ते पाहा

ही पायरी लोक टाळतात आणि मग वर्षभर स्वतःला शिव्या देत बसतात. एसएलआरमध्ये तुम्ही जे पाहता ते आरशावरून वर स्क्रीनवर पडलेलं चित्र असतं, फिल्मवरचं नाही. लेन्सपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर आणि लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं असेल तरच दोन्हीकडे फोकस एक. चाळीस वर्षांत कोणी आरसा खोलला, कोणी स्क्रीन काढून पुसली आणि नीट न बसवता परत लावली, कोणी कॅमेरा पाडला. एफ ८ ला हे कोणालाच कळत नाही. एफ १.४ ला फिल्मच्या बाजूला चुकीला जागा किती असते माहीत आहे का, एकूण ०.०८४ मिमी. ३५ मिमी फिल्मची स्वतःची जाडी यापेक्षा जास्त असते.

घरी तपासायची सोपी रीत आहे. कॅमेऱ्यात रोल नसताना मागचं झाकण उघडा. आत दोन जोड्या रुळांच्या दिसतील, आतली जोडी फिल्म टेकायची, बाहेरची प्रेशर प्लेट टेकायची. फिल्मच्याच रुंदीची पातळ काचेची किंवा ॲक्रिलिकची पट्टी घ्या, तिच्या एका बाजूला मॅट सेलोटेप सुरकुती न पडू देता चिकटवा, आणि टेपची बाजू लेन्सकडे करून ती आतल्या रुळांवर ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर बी वर (दाबून धराल तोवर उघडं), केबल रिलीज दाबून लॉक, अपर्चर पूर्ण उघडं. समोर मीटरभरावर वर्तमानपत्र टांगून त्यावर दिवा सोडा. आता टेपवर उलटं चित्र दिसेल, ते भिंगाने पाहत पाहत फोकस करा, घड्याळवाल्याकडचं भिंग असेल तं उत्तमच. टेपवर अक्षरं शार्प झाली की रिंगला हात न लावता शटर सोडा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहा. स्प्लिट जुळलेला आहे? मग कॅमेरा बरोबर आहे, दोष आपल्यात आहे. जुळलेला नाही? मग दुरुस्तीवाल्याकडे. त्याला ‘फोकस चेक करून द्या’ एवढंच सांगू नका, अनंताला आणि एक मीटरला दोन्हीकडे फिल्म आणि स्क्रीन जुळतात का ते पाहून द्या, असं सांगा. आणि हे करताना शटरच्या पडद्याला बोट लागू देऊ नका, पट्टी तिरपी होऊन पडद्यावर पडली तं तो खर्च वेगळा.

दुसरी तपासणी फिल्मवर. पाच आगपेट्या टेबलावर तिरप्या ओळीत उभ्या करा, प्रत्येक मागची आधीच्यापेक्षा एक सेंटीमीटर मागे आणि थोडी बाजूला, म्हणजे कॅमेऱ्यातून पाची दिसल्या पाहिजेत. मधलीच्या कडेवर फोकस, एक मीटरवरून, ट्रायपॉड लावून. एक फ्रेम एफ १.४, एक एफ २, एक २.८, एक ४. मध्ये रिंगला हात लावायचा नाही. नवा रोल टाकला की पहिल्या चार फ्रेम यात घालवा, पुढच्या कित्येक वाचतील.

१.४ ला मधली पेटी सगळ्यात शार्प आली पाहिजे. ती आली, पण २.८ ला चौथी जास्त शार्प दिसून राहिली असेल तं कॅमेऱ्याचा दोष नाही. त्याला फोकस शिफ्ट म्हणतात. फास्ट लेन्समध्ये काचेच्या कडेने येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच ठिकाणी मिळत नाहीत, अपर्चर बंद केलं की कडेचे कापले जातात आणि फोकस बहुतेक वेळा थोडा मागे सरकतो. तुम्ही फोकस करता पूर्ण उघड्या लेन्सवर, फोटो काढता २.८ वर. माझी लेन्स एफ २ ते २.८ च्या दरम्यान हे करते, तिथे मी फोकस जुळवला की अंगाने अगदी किंचित मागे होतो, म्हणजे मागे सरकलेला फोकस परत डोळ्यावर येतो. एफ ५.६ च्या पुढे डेप्थच एवढी वाढते की शिफ्ट तिच्या पोटात जातो.

लेन्सचं अजून एक. जुन्या लेन्समधलं ग्रीस आपल्याकडच्या उन्हाळ्यात पातळ होतं आणि त्यातलं तेल अपर्चरच्या पात्यांवर उतरतं. मग तुम्ही एफ ५.६ लावता आणि पाती आळसावून शटर उघडल्यावर बंद होतात, फोटो येतो ओव्हरएक्स्पोज आणि डेप्थ एफ २ सारखी. लेन्स काढा, मागचा लीव्हर बोटाने हलवून पाहा, पाती खटकन हलली पाहिजेत. पात्यांवर तेलाची चमक दिसली तं साफ करून घ्या. एप्रिल-मे महिन्यात कॅमेरा गाडीत ठेवून साबुदाणा वडा खायला जाऊ नका, एवढंच.

व्ह्यूफाइंडरची थाप

हे कळायला मला फार उशीर लागला. एफ १.४ ची लेन्स लावली म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये एफ १.४ ची डेप्थ दिसते असं आपण धरून चालतो. दिसत नाही. चित्र उजेडी दिसावं म्हणून ज्या स्क्रीन बनवल्या गेल्या त्या लेन्सच्या कडेने येणारा तिरपा प्रकाश डोळ्यापर्यंत फारसा पोचवतच नाहीत, त्यामुळे तुम्हाला दिसते ती साधारण एफ २.८ च्या आसपासची डेप्थ. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा आणि कान दोन्ही ठीकठाक दिसतात, फिल्मवर कान गायब.

तपासायचं असेल तं ज्या कॅमेऱ्याला फोटोआधीच अपर्चर बंद करून दाखवणारा डेप्थ प्रिव्ह्यू आहे (निकॉन एफएम२ ला आहे, पेंटॅक्स के१००० ला नाही) तो लीव्हर दाबून धरा आणि रिंग १.४ वरून २ वर, मग २.८ वर न्या. १.४ ते २ मध्ये चित्र अंधारलंच नाही ना? पूर्ण एक स्टॉप प्रकाश कमी झाला आणि स्क्रीनला पत्ताच नाही. जिथून चित्र खरोखर अंधारायला लागतं, तुमची स्क्रीन तेवढंच दाखवते. म्हणून मॅट स्क्रीनवर ‘दिसायला शार्प’ याचा एफ १.४ ला काही उपयोग नाही. तिथे स्प्लिट किंवा त्याच्याभोवतीचं मायक्रोप्रिझमचं, म्हणजे फोकस नसला की चमचमणारं, कडं, या दोघांवरच भरवसा.

त्याच्याही आधी आपले डोळे. लेन्स आकाशाकडे करून पूर्ण आउट ऑफ फोकस करा आणि मधल्या स्प्लिटच्या वर्तुळाची रेघ पाहा. ती रेघच तुम्हाला धूसर दिसत असेल तं फोकस कशाला जुळणार. बऱ्याच जुन्या एसएलआरमध्ये स्क्रीन डोळ्याला साधारण एक मीटर लांब असल्यासारखी दिसते, त्यामुळे चाळिशीनंतर वाचायचा चष्माही बरोबर नसतो आणि लांबचाही नसतो. माझे वडील वर्षभर कॅमेऱ्याला दोष देत होते, शेवटी आयपीसवर लावायची नंबरची काच मिळाली आणि प्रकरण मिटलं.

फोकस रिंगने नाही, कमरेने

हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग आहे, बाकी विसरलात तरी चालेल.

उभा माणूस कधीच स्थिर नसतो. श्वास घेताना, शटर दाबताना, नुसतं उभं असतानाही एक-दोन सेंटीमीटर पुढे-मागे डोलतोच, आणि समोरचा माणूसही डोलतो. एक मीटरवर एफ १.४ ला तुमच्याकडे फोकसच्या मागे-पुढे मिळून दोन बोटं आहेत. म्हणजे रिंग कितीही नाजूकपणे फिरवा, रिंग सोडून शटर दाबेपर्यंत फोकस निघून गेलेला असतो. रिंग पुढे-मागे, पुढे-मागे करत बसणारे लोक पाहिले आहेत ना, मीही त्यातलाच होतो.

आता मी असं करतो. आधी चेहरा फ्रेममध्ये किती मोठा हवा ते ठरवतो आणि त्या अंतरावर रिंग एकदाच लावतो. मग रिंगवरून बोटं काढून हात लेन्सच्या खाली नुसता आधाराला ठेवतो. त्यानंतर कमरेतून हळूच पुढे झुकायचं, स्प्लिट जुळायला लागतो, मग पूर्ण जुळायच्या एक केसभर आधीच शटर दाबायचं, कारण बोट दाबेपर्यंत शरीर तेवढं पुढे गेलेलंच असतं. झुकताना श्वास सोडत जायचा. एक पाय पुढे, दुसरा मागे, खांदा भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला टेकवलेला असेल तं सोन्याहून पिवळं. बसता येत असेल तं बसा, कोपर गुडघ्यावर. समोरच्यालाही काहीतरी टेकायला द्या: खुर्चीची पाठ, खांब, भिंत. ओसरीच्या खांबाला टेकलेला माणूस एवढा कमी हलतो की अर्धं काम तिथेच होतं.

आणि चष्मेवाल्यांसाठी: स्प्लिट चष्म्याच्या फ्रेमवर जुळवा, ती रेघ स्पष्ट असते, आणि मग एक-दीड सेंटीमीटर आणखी पुढे झुकून दाबा, म्हणजे फोकस फ्रेमवरून डोळ्यावर जातो. चष्मा नसेल तं पापणीची कड, बुब्बुळातली खिडकीची चमक, किंवा डोळ्याच्या कोपऱ्यापासची सुरकुती. स्प्लिटची रेघ आडवी असेल तं तिला उभी कड हवी, म्हणून चेहऱ्यावर कड आडवी असेल तं कॅमेरा उभा धरून जुळवा.

एक मजेची पण खरोखर चालणारी युक्ती आहे. न ताणणारी दोरी घ्या, नायलॉनची नको, ट्रायपॉडच्या भोकात बसणाऱ्या स्क्रूला बांधा आणि एक मीटरला गाठ मारा. समोरच्याच्या गालाच्या हाडाशी गाठ टेकवून दोरी ताठ करा, आणि अशा वेळी डोळ्यावर एकदा नीट, सावकाश, तीनदा पाहून फोकस करा. रिंगला छोटी टेप लावा. आता पुढचे सगळे फोटो: दोरी ताठ करायची, सोडायची, काढायचा. बोलता बोलता, हसता हसता. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस पाहायचं कामच नाही, चेहऱ्यावरचे भाव पाहा. आजीवर केलं तं ती म्हणाली, “शिंप्यासारखं माप कायले घेऊन राहिला रे? मरायच्या आधी ब्लाउज शिवतो का माझा?” तो फोटो शार्प आला आहे, आणि हसते पण आहे त्यात.

फोकस धरून फ्रेम फिरवण्याची सवय

स्प्लिट मधोमध असतो, डोळे मधोमध नको असतात, म्हणून आपण मध्ये जुळवतो आणि मग कॅमेरा वळवतो. लांबून काही बिघडत नाही. जवळून बिघडतं, कारण शार्प असतो तो एक सपाट पडदा, लेन्सपासून सारख्या अंतराचा गोल नाही. कॅमेरा वळला की तो पडदा पण वळतो आणि डोळा त्याच्या पुढे, तुमच्याकडे राहतो. एक मीटरवर १० अंश वळवलं तं दीड सेंटीमीटरची चूक, म्हणजे तुमची अर्धी डेप्थ तिथेच संपली. १५ अंशाला साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे डोळे गेले आणि कान-केस शार्प.

५० मिमी उभी धरून डोळे वरच्या तिसऱ्या भागात आणायला साधारण ७ अंश लागतात, तेवढी चूक ७ मिमी, ती झेपते. त्यापेक्षा जास्त नको. जास्त वळवायचं असेल तं वळवल्यानंतर किंचित मागे सरका, किंवा वळवूच नका, कॅमेरा तसाच सरळ ठेवून गुडघ्यातून खाली-वर व्हा, म्हणजे पडदा जागच्या जागी राहतो. किंवा मॅट भागावर डोळ्याजवळ अंदाजे जुळवून पुढे-मागे झुकत दोन-तीन फ्रेम काढा. रोलच्या भावात परवडत नाही म्हणता? आजीच्या सहा वाया गेलेल्या फ्रेम परवडल्या का मग.

चेहरा तिरपा असला की दुसरा हिशोब. दोन डोळ्यांमध्ये सहा-सव्वासहा सेंटीमीटर अंतर असतं, चेहरा ४५ अंश वळला की लांबचा डोळा साडेचार सेंटीमीटर मागे जातो. एक मीटर, एफ १.४, दोन्ही डोळे? विसरा. जवळचा डोळा धरा. दोन्ही हवेत तं एफ ४ लावा आणि जवळच्या डोळ्याच्या जरासं मागे फोकस करा, किंवा चेहरा सरळ करायला सांगा. दोन माणसं असतील तं त्यांच्या नाकाच्या रेषा कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर आणा, दोघांनाही भिंतीला पाठ टेकवायला लावणं हा सोपा उपाय. अडीच मीटरवर एफ २.८ ला चाळीस सेंटीमीटर मिळतात, नवरा-नवरीला भरपूर. मागच्या रांगेतल्या मावशीला नाही.

आपल्या उन्हात एफ १.४

गंमत अशी की फास्ट लेन्स घेतो आपण बोकेसाठी, म्हणजे मागचं दृश्य विरघळावं म्हणून, आणि राहतो नागपुरात. आयएसओ १०० ला लख्ख उन्हात एफ १६ ला शटर १/१२५. तिथून एफ १.४ सात स्टॉप उघडं, म्हणजे शटर हवं १/१६,०००. के१००० चं शटर संपतं १/१००० ला, चार स्टॉप कमी. एफएम२ जातो १/४००० पर्यंत, तरी दोन स्टॉप कमी. आयएसओ ४०० चा रोल असेल तं आणखी दोन वाढवा.

उपाय तीन. एनडी फिल्टर, म्हणजे नुसता प्रकाश कमी करणारी राखाडी काच: १/१००० च्या कॅमेऱ्याला १०० च्या रोलवर एनडी १६, १/४००० वाल्याला एनडी ४ पुरतो. पण एनडी १६ लावला की व्ह्यूफाइंडर एफ ५.६ ची लेन्स लावल्यासारखा अंधारतो, स्प्लिट काळा पडत नाही एवढंच बरं. दुसरा, ब्लॅक अँड व्हाइट असेल तं लाल फिल्टर, तो सुमारे तीन स्टॉप खातो, आकाश काळं होतं पण ओठही पांढरट होतात, म्हणून पोर्ट्रेटला मी पिवळा-नारंगीवरच थांबतो; कलर निगेटिव्हवर असेन तं रंगीत फिल्टर न लावता कमी पडणारे स्टॉप ओव्हरएक्स्पोजरमध्ये ढकलतो, कलर निगेटिव्ह दोन स्टॉप ओव्हर आरामात सोसते. स्लाइड फिल्म सोसत नाही, तिच्यावर हा प्रयोग करू नका.

तिसरा आणि सगळ्यात स्वस्त: सावलीत या. मोकळ्या सावलीत उन्हापेक्षा तीनेक स्टॉप कमी असतात, १०० च्या रोलवर एफ १.४ ला १/२००० लागतं, के१००० एक स्टॉप ओव्हर, काही फरक पडत नाही. सेमिनरी हिल्सच्या झाडांखाली, महालातल्या जुन्या वाड्यांच्या दारात, सकाळी आठच्या आत. फुटाळ्याला सूर्य बुडाल्यावरची वीस मिनिटं तं फास्ट लेन्ससाठीच बनलेली आहेत.

रात्री उलट. बर्डीच्या मेन रोडवर दुकानांच्या उजेडात ४०० च्या रोलवर एफ १.४ ला १/६० ते १/१२५ मिळतं, पण लोक चालत असतात. चालत्या माणसाला पाठलाग करून फोकस होत नाही. दोन-अडीच मीटरवर एखादी जागा धरा, पाणीपुरीच्या गाडीचा कोपरा, त्यावर आधीच फोकस करून ठेवा आणि माणूस तिथे येण्याची वाट पाहा. तिथे डेप्थ १३ ते २० सेंटीमीटर, तेवढ्यात पाऊल पडलं की दाबायचं. दोनात एक चुकतोच.

मारबतीला काय करायचं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत एफ १.४ वर फिरणारे उत्साही लोक दरवर्षी असतात. पिवळी मारबत येऊन राहिली, लोक ओरडून राहिले, ‘घेऊन जा गे मारबत’, समोर बडग्या (पुरुषाचा पुतळा), मागे हजार डोकी, आणि यांच्या फोटोत शार्प काय तं एकाच्या शर्टाचं बटण. गर्दीच इथे विषय आहे, तिला विरघळवून काय करायचं? ५० मिमीला एफ ८ लावा, फोकस ४ मीटरवर ठेवा, जवळपास २.९ ते ६.५ मीटरमधलं सगळं येतं. रिंगला हात नाही, नुसता कॅमेरा उचलायचा आणि दाबायचा. ढगाळ असेल तं ४०० चा रोल यासाठी बरा. एफ १.४ मी दिवसभरात एकदाच वापरतो, मिरवणूक संपल्यावर थकून ओट्यावर बसलेल्या एखाद्या ढोलवाल्यासाठी, आणि तोही बसलेला असतो म्हणूनच.

फिल्म सपाट बसत नाही

शेवटची गोष्ट, जिच्याकडे सगळं करूनही फोकस जात असेल तेव्हा पाहायचं. फिल्मला स्वतःची गुंडाळी असते, प्रेशर प्लेट तिला दाबून धरते पण पूर्ण सपाट करत नाही. हे एवढं खरं आहे की कॉन्टॅक्स आरटीएस ३ मध्ये १९९० साली कंपनीने हवा खेचून फिल्म प्लेटला चिकटवणारी व्यवस्था टाकली होती. आपल्याकडे ती नाही, म्हणून दोन सवयी: महत्त्वाच्या फोटोआधीच फ्रेम पुढे ओढा, चार दिवस ओढून ठेवलेल्या पहिल्या फ्रेमवर एफ १.४ नको. आणि फ्रेमच्या अगदी कोपऱ्यात डोळे ठेवू नका, कडेला फिल्म जास्त वाकडी असते आणि फास्ट लेन्सही तिथे ढिली असते.

प्रेशर प्लेट बोटाने हलकी दाबून पाहा, चारही बाजूंनी स्प्रिंगने परत आली पाहिजे. एका कोपऱ्यात अडकत असेल तं प्रत्येक फ्रेमची तीच बाजू मऊ येईल, आणि तुम्ही लेन्स विकायला काढाल. माझ्या मित्राने काढली होती. मीच घेतली, स्वस्तात. आजीचे फोटो त्याच लेन्सचे आहेत.